परका अवयव आणि शरीराची आठवण

महोत्सवाच्या स्मरणिकेत आठवणींना मान असतो. आपला न्यास कसा जन्मास आला, पहिल्या वर्गण्या कोणी गोळा केल्या, पहिली सभा कोणाच्या ओसरीवर भरली, हे सारे या अंकात इतरत्र येईलच. आम्ही येथे एका निराळ्याच आठवणीविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ही आठवण माणसाच्या मनात नसते, त्याच्या रक्तात असते. ज्याची त्याला तिचा पत्ताही नसतो. वर्षानुवर्षे ती निमूट पडून राहते आणि एखाद्या दिवशी तिच्यावर त्या माणसाचे जीवित अवलंबून राहते.

हा विषय निवडण्यास कारण घडले ते असे. न्यासाच्या वैद्यकीय साहाय्याच्या कामात आम्हांस मूत्रपिंडाच्या रोग्यांचे अर्ज पाहावे लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. घरची सून डायलिसिसवर होती. नवरा आपले एक मूत्रपिंड देण्यास आनंदाने तयार होता. दोघांचा रक्तगट एकच. आता काम झालेच, अशी सर्वांची खात्री. पण शेवटच्या तपासणीत ‘जुळत नाही’ असा निकाल आला आणि घरात नको ती कुजबुज सुरू झाली. सुनेच्या माहेरच्यांना वाटले, जावईबापूंचे मन फिरले असावे. सासूबाईंना वाटले, डॉक्टर काही लपवीत आहेत. कोणी म्हणाले, पत्रिका पुन्हा पाहा. त्या बिचारीला वाटे, आपलेच काही चुकले.

चूक कोणाचीच नव्हती. तिच्या शरीराला एक जुनी ओळख आठवत होती, इतकेच. ही आठवण कशी होते, कोठे राहते आणि ती शोधून काढण्यासाठी शास्त्रज्ञ सांप्रत काय करीत आहेत, हे सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आपले आणि परके

शरीर आपले-परके ओळखते, ही गोष्ट शस्त्रवैद्यांना फार पूर्वी अनुभवास आली होती. तिचा एक दाखला तर आपल्या पुण्याचा आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली आणि युरोपातील शस्त्रवैद्य थक्क झाले. ते नाक टिकले, कारण कातडी त्याची स्वतःची होती. शेजाऱ्याची कातडी लावली असती, तर कारागीर कितीही कसबी असता तरी ती थोड्या दिवसांत गळून पडली असती.

असे का व्हावे, याचा पहिला पक्का पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळाला. ग्लासगोच्या रुग्णालयात पीटर मेडावार हे शास्त्रज्ञ आणि थॉमस गिब्सन हे शस्त्रवैद्य भाजलेल्या रोग्यांवर काम करीत होते. एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. ते काही दिवस जगले आणि मग नाश पावले. त्याच भावाची कातडी दुसऱ्यांदा लावली, तेव्हा ती पहिल्यापेक्षा पुष्कळच लवकर नष्ट झाली. १९४३ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पहिल्या खेपेस शरीराने परक्याला ओळखले. दुसऱ्या खेपेस ते तयारच होते. म्हणजे मधल्या काळात त्याने ती ओळख लक्षात ठेवली होती. पुढे १९६० साली मेडावार यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याला बसविले. ते उत्तम चालले आणि रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. हे यश मिळाले, कारण दोघे हुबेहूब जुळे होते. शरीराला परके वाटण्यासारखे काही नव्हतेच. पण जुळे भाऊ किती रोग्यांना असणार? बाकीच्यांचे काय, हा प्रश्न उरलाच.

पेशींवरील खुणा

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. शास्त्रज्ञ त्यांना एच.एल.ए. म्हणतात. त्यांचा नमुना सहाव्या गुणसूत्रावर लिहिलेला असतो. एक संच आईकडून येतो, दुसरा वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांत दोन्ही संच तंतोतंत जुळण्याचा संभव चारात एक, अर्धे जुळण्याचा चारात दोन आणि मुळीच न जुळण्याचा चारात एक असतो. आई-वडील आणि अपत्य यांत एक संच हमखास सारखा असतो. पती-पत्नींचे मात्र जुळले तर केवळ योगायोगाने.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रक्तगट आणि या खुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ए, बी, ओ हे गट जुळले म्हणजे पहिले दार उघडले. पुढे दुसरे दार आहेच. शिवाय दुसऱ्या रक्तगटाविरुद्धचे द्रव्य आपल्या रक्तात लहानपणापासून आपोआप तयार असते. एच.एल.ए. खुणांविरुद्धचे द्रव्य मात्र सहसा त्या परक्या खुणा पूर्वी कधी तरी शरीरात आल्यावरच तयार होते.

त्या कधी येतात? मुख्यतः तीन वेळा. पहिली वेळ रक्त दिले जाते तेव्हा, दुसरी पूर्वी एखादा अवयव बसविलेला असेल तेव्हा आणि तिसरी गरोदरपणी. बाळात निम्म्या खुणा वडिलांच्या असतात. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळतात आणि काही स्त्रियांचे शरीर त्या परक्या खुणांची नोंद घेते. १९५८ साली नेदरलँडमधील लायडेन येथे योन फान रूड यांना आणि अमेरिकेत रोझ पेन यांना माता झालेल्या स्त्रियांच्या रक्तात परक्या श्वेतपेशींविरुद्धची द्रव्ये आढळली. गर्भाला त्यापासून सहसा अपाय होत नाही. पण पुढे त्याच स्त्रीला नवऱ्याचे मूत्रपिंड देऊ केले, तर बाळाच्या रूपाने पूर्वी पाहिलेल्या त्याच खुणा शरीराला पुन्हा दिसतात. आमच्या हकिकतीतील सुनेचे असेच झाले होते. ज्या मुलांनी घर भरले, त्यांनीच नकळत आईच्या रक्तात ही नोंद करून ठेवली होती.

प्रतिपिंड आणि बी पेशी

परक्या खुणेला जाऊन चिकटणाऱ्या या द्रव्याला प्रतिपिंड म्हणतात. नव्या मूत्रपिंडातून रोग्याचे रक्त वाहू लागले की प्रतिपिंड तेथील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात. त्यामागून रक्तातील इतर विध्वंसक द्रव्ये धावून येतात, वाहिन्यांत रक्त गोठते आणि प्रतिपिंड पुष्कळ असतील तर काही मिनिटांत वा तासांत मूत्रपिंड निकामी होते. प्रतिपिंड थोडे असतील किंवा मागाहून उत्पन्न झाले, तर हेच काम सावकाश, वर्षानुवर्षे चालते. रोग्याला त्रास होत नाही, आणि रक्ततपासणीचे आकडे मात्र हळूहळू बिघडत जातात.

हे प्रतिपिंड तयार करण्याचे काम बी नावाच्या श्वेतपेशी करतात. परक्या अवयवावर दुसरा हल्ला टी पेशींचा असतो. तो रोखण्यासाठीच रोग्याला रोजच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. आमचा विषय बी पेशींपुरता आहे.

‘बी’ हे नाव कसे पडले, त्याची कथा मौजेची आहे. कोंबडीच्या शेपटीकडे एक लहानशी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. ती कशासाठी असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी कोंबड्यांच्या पिल्लांची ही पिशवी काढून काय होते ते पाहत होता. त्याच्या मित्राला वर्गात प्रतिपिंडांचा प्रयोग करून दाखवायचा होता; त्याने ग्लिकच्याच काही कोंबड्या मागून नेल्या. प्रयोग फसला. ज्यांची पिशवी काढली होती, त्यांपैकी बहुतेक कोंबड्यांत प्रतिपिंड तयारच झाले नाहीत. फसलेल्या प्रयोगातूनच शोध लागला. १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या एका मासिकात छापला गेला आणि वैद्यकाच्या जगाचे त्याकडे बराच काळ लक्ष गेले नाही. १९६५ च्या सुमारास मॅक्स कूपर यांनी या दोन जातींच्या पेशींची कामे वेगळी करून दाखविली. बर्सावरून त्या पेशी बी झाल्या. माणसाला ही पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांतील मज्जेत जन्म घेतात.

प्रत्येक बी पेशी एकच कुलूप ओळखणारी किल्ली घेऊन जन्मास येते. अशा अगणित पेशी रक्तात आणि लसीका ग्रंथींत फिरत असतात. जिला आपले कुलूप सापडते, ती वाढू लागते. एकीच्या हजारो होतात. त्यांतून दोन शाखा फुटतात. पहिली शाखा प्लाझ्मा पेशींची. त्या म्हणजे प्रतिपिंडांचे कारखानेच. त्यांतील काही मज्जेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे माल काढीत राहतात. दुसरी शाखा स्मृतिपेशींची. त्या काहीच गाळत नाहीत. प्लीहेत, लसीका ग्रंथींत, थोड्या रक्तात अशा त्या स्वस्थ राहतात. तीच खूण पुन्हा दिसली की थोड्याच दिवसांत त्यांच्यातून नव्या प्लाझ्मा पेशी उत्पन्न होतात.

इंग्रजी अक्षर ‘बी’ आणि आपले मराठी ‘बी’ यांचा अर्थाने काही संबंध नाही. पण उपमेला तो उपयोगी पडतो. पावसाळा सरला की माळ उजाड दिसतो. गवताचे पाते दिसत नाही म्हणून कोणी शेतकरी मातीत बी नाही असे म्हणणार नाही. पहिला पाऊस पडला की माळ हिरवा होतो. स्मृतिपेशींचे असेच आहे.

त्या किती काळ टिकतात? आपल्यांतील वडील मंडळींच्या दंडावर देवीची लस टोचल्याची खूण अजून आहे. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस टोचून पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या माणसांच्या रक्तातही देवीच्या स्मृतिपेशी सापडल्या. रोग गेला, लसही बंद झाली, पण आठवण राहिली. रोगाच्या बाबतीत ही आठवण आपले रक्षण करते. मात्र परक्या अवयवाच्या बाबतीत तीच आठवण वैर धरते. शरीराला मित्र कोण आणि शत्रू कोण हे कळत नाही. त्याला परके तेवढे कळते.

आजवरची तपासणी

मूत्रपिंड बसविण्यापूर्वी ‘क्रॉसमॅच’ नावाची तपासणी करतात. तिचा पाया घालणारे पॉल तेरासाकी हे अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे शास्त्रज्ञ. महायुद्धात इतर जपानी कुटुंबांबरोबर अमेरिकन सरकारने त्यांनाही छावणीत डांबले होते. मोठेपणी त्यांनी लंडनला मेडावार यांच्या हाताखाली काही काळ काम केले. १९६४ साली त्यांनी एक साधी युक्ती काढली. दात्याच्या श्वेतपेशी आणि रोग्याच्या रक्तातील स्वच्छ पाणी, म्हणजे सीरम, एका बारीक खळग्यात एकत्र करायचे. रोग्याच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंड असतील तर पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी रंग घेत असल्यामुळे सूक्ष्मदर्शकात त्या ओळखू येतात. सीरमचा एक थेंबही लागत नाही, थेंबाचा लहानसा अंश पुरतो.

१९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ मूत्रपिंडरोपणांचा हिशेब प्रसिद्ध केला. तपासणीत विरोध दिसत असूनही ज्या ३० जणांना मूत्रपिंड बसविले, त्यांपैकी २४ जणांचे ते तात्काळ निकामी झाले. विरोध न दिसलेल्या १९५ जणांत असे केवळ ८ निघाले. त्या दिवसापासून क्रॉसमॅच न करता मूत्रपिंड बसविणे हा वैद्यकात मोठा दोष ठरला.

पुढे याहून बारीक तपासणी आली. सूक्ष्म मणी घेऊन प्रत्येक जातीच्या मण्यावर एकेकच खूण चिकटवितात. असे शंभराच्या आसपास जातींचे मणी रोग्याच्या सीरममध्ये घालतात आणि कोणकोणत्या मण्याला प्रतिपिंड चिकटले, ते लेझरच्या प्रकाशात यंत्र वाचते. त्यामुळे कोणत्या खुणेविरुद्ध प्रतिपिंड आहेत आणि अंदाजे किती आहेत, याची यादीच हाती येते.

या सर्व तपासण्या उत्तम आहेत, परंतु त्या पाहतात ती माळावरची हिरवळ. सीरममध्ये आज जे प्रतिपिंड आहेत तेवढेच त्यांना दिसतात. रक्तातील मुख्य जातीचे प्रतिपिंड सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होतात. मज्जेतील कारखाने चालू असतील तरच त्यांची पातळी टिकते. बंद पडले तर काही महिन्यांत प्रतिपिंड इतके विरतात की यंत्राला सापडत नाहीत. अहवाल येतो, ‘विरोध नाही’. पण स्मृतिपेशी तेथेच असतात. मूत्रपिंड बसविले की पहिला पाऊस पडतो आणि थोड्याच दिवसांत शरीर वैर आठवून उठते. तपासणी चांगली येऊनही अवयव बिघडला, अशा ज्या हकिकती आपण ऐकतो, त्यांतील काहींचे मूळ येथे असते. म्हणूनच प्रतिपिंड मोजून न थांबता, ते तयार करणाऱ्या पेशीच शोधून काढाव्यात, असे शास्त्रज्ञांना वाटू लागले.

पेशी शोधण्याच्या तीन रीती

काम अवघड आहे. रक्तातील पेशींच्या गर्दीत अमुक एका परक्या खुणेची किल्ली बाळगणाऱ्या स्मृतिपेशी अगदीच थोड्या असतात. भरलेल्या जत्रेत एका विशिष्ट गावच्या चार माणसांना शोधण्यासारखे ते आहे. त्यासाठी मुख्यतः तीन रीती निघाल्या आहेत.

पहिली रीत आमिष दाखविण्याची. प्रयोगशाळेत परकी खूण तयार करून तिचे चार रेणू एकत्र जोडतात आणि त्यांना चकाकणारा रंग लावतात. एका रेणूची पकड ढिली असते, चारांची घट्ट बसते. ज्या बी पेशीजवळ त्या खुणेची किल्ली असेल, तिला हे आमिष चिकटते. मग एकामागून एक पेशी लेझरसमोरून नेणारे यंत्र चकाकणाऱ्या पेशी मोजते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे अँड्रिया झॅकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ही रीत प्रसिद्ध केली. तिच्यात एक अडचण आहे. काही पेशी दुसऱ्यांनी तयार केलेले प्रतिपिंडही अंगावर वागवितात. आमिष त्यांनाही चिकटू शकते. म्हणून बनावट ग्राहक वगळण्यासाठी दुसऱ्या रंगाचे आमिष आणि इतर पडताळे जोडीस घ्यावे लागतात.

दुसरी रीत ठिपके मोजण्याची. रोग्याच्या रक्तातील पेशी वेगळ्या काढून त्यांना काही दिवस उत्तेजक द्रव्यात ठेवतात, म्हणजे स्वस्थ बसलेल्या स्मृतिपेशी प्रतिपिंड गाळू लागतात. मग त्या एका खास पडद्यावर पसरतात. प्रत्येक पेशीभोवती तिने गाळलेले प्रतिपिंड पडद्यात अडकतात. त्यावर परकी खूण सोडली की ज्या पेशीचे प्रतिपिंड त्या खुणेचे वैरी असतील, तेवढ्याच जागी ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी. ही ठिपक्यांची युक्ती मुळात १९८३ सालची. लायडेनच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली ती एच.एल.ए. खुणांसाठी बसविली. ज्या गावी १९५८ साली मातांच्या रक्तातील प्रतिपिंड सापडले, त्याच गावी चोपन्न वर्षांनी त्या प्रतिपिंडांच्या जननीची मोजदाद होऊ लागली.

तिसरी रीत बी रुजवून पाहण्याची. पेशी धुऊन त्यांवरील जुने प्रतिपिंड काढून टाकतात, काचपात्रात सुमारे दहा दिवस उत्तेजक देऊन वाढवितात आणि भोवतालच्या पाण्यात जे नवे प्रतिपिंड उतरतात, ते आटवून वर सांगितलेल्या मण्यांवर तपासतात. मग दोन याद्या शेजारी ठेवायच्या. एक सीरमची, दुसरी काचपात्राची. सीरमच्या यादीत जी खूण नाही पण काचपात्राच्या यादीत आहे, ती म्हणजे मातीतले बी. एकाच वेळी पुष्कळ खुणांचा तपास लागतो, हा या रीतीचा मोठा फायदा.

अशा तपासण्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. ज्यांच्या सीरममध्ये दात्याविरुद्ध काहीच दिसत नाही, अशा काही रोग्यांत दात्याविरुद्धच्या स्मृतिपेशी खरोखरच असतात. मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे. रक्तात पेशी सापडली नाही, म्हणून ती प्लीहेत किंवा ग्रंथींत नाही असे म्हणता येत नाही. मज्जेतील प्लाझ्मा पेशींचा ठाव तर रक्त काढून लागतच नाही. शिवाय या रीतींना कसबी माणसे, ताज्या वा नीट गोठविलेल्या पेशी आणि पुष्कळ वेळ लागतो. यामुळे त्या अद्याप मुख्यतः संशोधनाच्या प्रयोगशाळांत चालतात. नित्याच्या तपासणीत त्या आलेल्या नाहीत.

हे कळून उपयोग काय?

उपयोग मोठा आहे. विरोधाचे मूळ कोणत्या पेशींत आहे, त्यावर उपाय ठरतो. रक्तद्रव गाळून प्रतिपिंड काढून टाकता येतात. पण ते कारखान्याचा माल उचलण्यासारखे झाले. कारखाना चालू असेल तर माल पुन्हा येतो. घसा बिघडविणाऱ्या एका जंतूपासून मिळविलेले इम्लिफिडेज नावाचे औषध प्रतिपिंडांचे काही तासांत तुकडे करते. २०२० साली युरोपात त्याला सशर्त मान्यता मिळाली. त्याच्या बाबतीतही पुढे काही दिवसांत प्रतिपिंड परततात, कारण पेशी शाबूत असतात. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशींचा नाश करते. परंतु ज्या खुणेवरून ते पेशी ओळखते, ती खूण प्लाझ्मा पेशींवर नसते, म्हणून त्या सुटतात. त्यांच्यासाठी बोर्टेझोमिबसारखी निराळी औषधे वापरून पाहतात. शत्रू कोणत्या किल्ल्यात आहे हे कळल्यावाचून तोफा कोठे डागणार? आणि ही सर्व औषधे जड आहेत, महाग आहेत. त्यांनी जंतुबाधेचे भय वाढते. ज्याला गरज नाही त्याला ती न देणे, हाही तपासणीचा लाभच आहे.

सर्वांत मोठा लाभ दाता निवडण्यात आहे. जी खूण शरीर पूर्वी ओळखून आहे, ती टाळून दुसरा दाता पाहता येतो. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने आई-वडील, मुले, भावंडे आणि पती-पत्नी यांस जवळचे नातलग मानले. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडे आली. त्याच दुरुस्तीने अदलाबदलीलाही वाट करून दिली. एका घरच्या नवऱ्याचे मूत्रपिंड बायकोला चालत नाही आणि दुसऱ्या घरी तशीच अडचण आहे. तेव्हा पहिल्याने दुसऱ्या घरच्या रोग्याला द्यावे आणि दुसऱ्याने पहिल्याच्या. ‘जुळत नाही’ हा शब्द ऐकून हात-पाय गाळणाऱ्या कुटुंबांनी ही वाट डॉक्टरांना अवश्य विचारावी.

घरच्या मंडळींस विनंती

प्रयोगशाळेतील स्मृतिपेशींची तपासणी आपल्या दारी येईल तेव्हा येईल. तोवर एक तपासणी प्रत्येक घरात आजच उपलब्ध आहे, आणि तिला पैसा लागत नाही. ती म्हणजे रोग्याची खरी हकिकत. पूर्वी रक्त कधी दिले गेले, बाळंतपणे किती झाली, गर्भपात झाला होता काय, पूर्वी अवयव बसविला होता काय, या प्रश्नांची खरी उत्तरे म्हणजे मातीत बी पडले असण्याचा संभव किती, याचे उत्तर. सीरम विसरले असेल, पण घरच्या माणसांनी विसरू नये.

आमच्या हकिकतीतील सुनेने डॉक्टरांना दोन बाळंतपणे सांगितली होती. लग्नानंतर लवकरच झालेला एक गर्भपात सांगितला नव्हता, कारण विचारले तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना तो ठाऊक नव्हता. त्या वेळी ते निभावले, कारण तिच्या रक्तात प्रतिपिंड अजून होते आणि तपासणीने धोका दाखविला. ते विरून गेले असते, तर तपासणीने होकार दिला असता, आणि नवऱ्याने प्रेमाने दिलेले मूत्रपिंड कदाचित पहिल्याच महिन्यात गेले असते. म्हणून आमची वडील मंडळींस विनंती, की डॉक्टर असे प्रश्न विचारतील तेव्हा क्षणभर बाहेर बसावे. आणि भगिनींस विनंती, की डॉक्टरांपाशी काही राखू नये. रक्त दिल्याचा कागद, बाळंतपणाचा कागद, जुने अहवाल एका पिशवीत घालून सोनेनाणे ठेवतो तसे जपून ठेवावेत. मूत्रपिंडाच्या रोग्याला रक्त चढविण्याची वेळ आली तर ‘याच्यावाचून चालेल काय?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे; कारण प्रत्येक बाटलीबरोबर नव्या परक्या खुणा येतात. मात्र डॉक्टर आवश्यक म्हणतील तर मुळीच अडवू नये.

आणखी एक. आपल्या देशात अवयव देणाऱ्या नातलगांत स्त्रिया अधिक, आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते. उलट पाळी येते तेव्हा मातृत्वाचीच नोंद तिच्या आड येते. हा निसर्गाचा न्याय म्हणावा की अन्याय, हे आम्ही सांगू शकत नाही. पण त्यामुळे तिला दोष देणे किंवा तिच्या नवऱ्यावर संशय घेणे, हा मात्र माणसांनी केलेला अन्याय होय, आणि तो टाळणे आपल्या हाती आहे. ‘जुळत नाही’ हा निकाल कोणाच्या मनाविषयी नसतो, रक्ताच्या आठवणीविषयी असतो.

त्या सुनेला पुढे तिच्या थोरल्या भावाचे मूत्रपिंड मिळाले. क्रॉसमॅच स्वच्छ आला. त्या वेळी तिने डॉक्टरांना सर्व काही सांगितले होते. तिच्या धाकट्या मुलाच्या मुंजीला आम्ही गेलो होतो. पंगतीत वाढायला तीच पुढे होती, आणि जावईबापूंचा मान माहेरच्या मंडळींनी पूर्वीपेक्षा दुप्पट ठेवला होता.

न्यासाने आजवर गरजूंस द्रव्याचे साहाय्य केले. पुढील काळात माहितीचे साहाय्यही तितक्याच अगत्याने व्हावे, अशी या महोत्सवप्रसंगी आमची इच्छा आहे. वेळेवर विचारलेला एक प्रश्न आणि त्याला दिलेले एक खरे उत्तर, यांनी कित्येकदा जे साधते ते मोठ्या देणगीनेही साधत नाही. वाचकांनी हा लेख घरात मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.